बदल केला आहे, दिसायचा आहे

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची यादी मी सतरा वर्षं सांभाळली. त्यातली चौदा वर्षं ती दोन रजिस्टरांत होती आणि पुढे इंटरनेटवर गेली. रजिस्टरात एक सोय होती. मी लिहिलं की लिहिलं, खोडलं की खोडलं. पुढच्या माणसाने पान उलटलं की त्याला तेच दिसायचं, कारण दुसरी प्रत नव्हती आणि वही माझ्या कुलपात होती.

शहाद्यात मंगल कार्यालयाच्या मागे एक खोली आहे. मांडवाचे खांब, पंगतीची पातेली आणि मंडळाचं कपाट, सगळं तिथेच. मी बुधवारी आणि रविवारी अकरा ते एक तिथे बसायची. मुलांचं रजिस्टर वर्षाला एक भरायचं, मुलींचं तीन वर्षांत एक. या फरकावर मंडळाने कधी ठराव केला नाही. ठराव झाले ते खुर्च्यांवर, पंख्यावर आणि अध्यक्षांच्या फोटोच्या आकारावर.

माझ्या आधीच्या चिटणीसांनी एक पद्धत घालून दिली होती, ती मी मोडली नाही. लग्न ठरलं की घरच्यांनी पेढे घेऊन यायचे. मी रजिस्टर उघडून त्या नावावर हळदीकुंकवाचं बोट लावायची. बोट लागलं की नाव यादीतून निघालं. पेढे नाहीत तर बोट नाही. आमचे लोक दृष्ट लागेल म्हणून ठरलेली सोयरीक साखरपुड्यापर्यंत कुणाला सांगत नाहीत, त्यामुळे ठरलेल्या मुलींची नावं महिना महिना यादीत राहायची आणि त्यांच्याकडे स्थळं चौकशीला जात राहायची. म्हणजे यादी कागदावर होती तेव्हाही शिळीच होती. पण ती कुणामुळे शिळी आहे हे मला माहीत असायचं आणि मी त्याला फोन करून पेढे मागू शकायची.

मग मंडळाने ठरवलं की वेबसाइट करायची. का, तर शेजारच्या समाजाने केली होती. माझी पुतणी पुण्यात एका कंपनीत याच कामात आहे. तिने साइट तयार करून दिली. अध्यक्षांनी संगणकापुढे नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर गेलं आणि आमचं मंडळ आधुनिक झालं.

पहिल्याच दिवशी दुपारी माझ्या मावसभावाचा फोन आला. हा प्रकाशा गावी राहतो, तापीकाठी पपई आणि केळी करतो, आणि त्याला एकच मुलगा आहे. तो मुलगा तेव्हा सुरतेला एका कापड कारखान्यात सुपरवायझर होता.

"आक्का, मन्हा आंडोर दिसत नही व तठे!"

"मुलाची नोंद केली का तू?"

"करी ना! पहिली खेपले दिसना नही, म्हनीसन दुसऱ्यांदा टाकं. मंग तिसऱ्यांदा टाकं. घरनी बोलनी, बटन जोरमा दाबा."

त्याने नऊ वेळा नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर शोधलं की त्याचा मुलगा ओळीने नऊ वेळा दिसत होता. तोच फोटो, तीच उंची, तीच नोकरी. गावात बोलणं सुरू झालं की पोराला फारच घाई झालेली दिसते. मी आठ नोंदी काढल्या. त्या काढल्यानंतरही दिवसभर नऊच दिसत राहिल्या, तेव्हा मी पुतणीला फोन लावला.

"काकू, तुम्ही परिचय पुस्तिका छापायचा ना?" ती म्हणाली. "तिच्या शेवटी गाववार आणि शिक्षणवार यादी असायची ना?"

असायची. ती मीच करायची. एका वर्षी ऐन छपाईच्या वेळी एका मुलाचं पान मधे घातलं आणि मागच्या याद्या आधीच छापून झाल्या होत्या. तो मुलगा पुस्तकात होता आणि कुणालाही सापडला नाही. त्याची आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

"तसंच आहे. नोंद लगेच लिहिली जाते. पण शोधणारा माणूस सगळी पानं वाचत नाही, मागची यादी बघतो. ती यादी नव्याने तयार झाली की बदल दिसतो. आपली रोज पहाटे चारला तयार होते."

"दर नोंदीला का नाही?"

"करता येईल. पण तुमचे लोक दिवसाला दोनशे वेळा फोटो बदलतात. त्या लहान सर्व्हरला धाप लागेल."

मी वहीत लिहून घेतलं. नोंद वेगळी, यादी वेगळी, पहाटे चार. अर्ध्या मिनिटात समजलं. कार्यकारिणीला समजवायला तीन सभा लागल्या, आणि तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे हे विरोधी गटाचं काम नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

खरी गंमत पुढे होती. आमच्या साइटवरचा शोध पहाटे चारला सुधारायचा, पण लोक आमच्या साइटवर शोधतच नव्हते. ते फोनमध्ये वरच्या पट्टीत मुलाचं नाव आणि गाव टाकायचे आणि जगाच्या शोधयंत्राकडून उत्तर घ्यायचे. त्याची यादी त्याची वेगळी. पुतणी म्हणाली की त्यांचा एक प्रोग्रॅम साइट-साइट फिरतो, पानं वाचतो, आपल्या वहीत उतरवून घेतो आणि निघून जातो. पुन्हा कधी येईल ते त्याच्या मनावर.

हे मला तिने सांगायची गरज नव्हती. लहानपणी आमच्या घरी भाट यायचा. ओट्यावर बसून लांबलचक वही सोडायचा, सगळ्या पिढ्या वाचून दाखवायचा, नव्या जन्मलेल्यांची नावं घालायचा, धान्य आणि धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा. मग तीन-चार वर्षं पत्ता नाही. त्याच्या वहीत माझे एक चुलत आजोबा वारल्यानंतरही बराच काळ जिवंत होते आणि माझा धाकटा भाऊ दुसरीत जाईपर्यंत जन्मलाच नव्हता. ज्या घरात पोरंबाळं सारखी व्हायची, तिथे भाट लवकर यायचा. पुतणी म्हणाली, शोधयंत्राचंही तसंच आहे, जी साइट सारखी बदलते तिच्याकडे ते लवकर फिरकतं.

हे अध्यक्षांना सांगायची चूक मी केली. पुढच्या सभेत ठराव झाला की बाहेरच्या शोधयंत्राने मंडळाच्या बदलांची तात्काळ दखल घ्यावी. सर्वानुमते मंजूर. मला तो जावक रजिस्टरात चढवायला सांगितलं. मी क्रमांक घातला, तारीख घातली आणि पत्त्याचा रकाना मोकळा सोडला. तो अजून मोकळा आहे. पुतणीने एक खरा मार्ग दाखवला होता, पान पुन्हा वाचून जा अशी विनंती पाठवायचा. ती मी दर बदलाला पाठवायची. विनंती पोचल्याचं उत्तर यायचं, पण पान वाचायला कधी येणार ते कळायचं नाही. हे मला ओळखीचं वाटलं, कारण आमच्याकडच्या कार्यालयांत अर्जाची पोच अशीच मिळते.

दरम्यान त्या मागच्या यादीसाठीचा पुतणीचा शब्द, इंडेक्स, गावभर पसरला. सभेचं इतिवृत्त तयार नसलं की सहचिटणीस म्हणायचे, "लिहिलंय, इंडेक्स व्हायचंय." पंगतीत कढी आली नाही की आचारी म्हणायचा, इंडेक्स व्हायची आहे. काम केलं आहे पण दिसत नाही, असं म्हणायची इतकी सभ्य सोय आमच्या लोकांना आजवर मिळाली नव्हती.

अशात मावसभावाच्या मुलाने सुरतेची नोकरी सोडली आणि तो प्रकाशाला परत आला. शेतीच करायची, म्हणाला. आमच्याकडे प्रत्येक बापाकडे जमीन आहे आणि प्रत्येक बापाला जावई मात्र पगारवाला हवा. मुलगा एकतिसाचा झाला होता. सुरतेला होता तेव्हा चार महिन्यांतून एखादं स्थळ यायचं. शेती म्हटल्यावर तेही बंद होणार, असं भावाला वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

मुलगा मात्र एका बुधवारी स्वतः खोलीवर आला. "आत्या, माझ्या नोंदीत नोकरीच्या जागी शेती लिहा."

"वडलांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, राहू दे. म्हणून तुमच्याकडे आलो."

मी बदल केला, विनंती पाठवली, वहीत टिपलं. दुसऱ्या दिवशी आमच्या साइटवर 'शेती, प्रकाशा' दिसू लागलं. बाहेर शोधलं की मात्र त्याच्या नावाखाली त्याच दोन ओळी येत होत्या. पदवीधर. नोकरी, सुरत.

नवव्या दिवशी नवापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. सरकारी नोकरीत होते, मुलगी पोल्ट्रीच्या खाद्याच्या कंपनीत हिशेबाचं काम करत होती. त्यांनी मुलाची माहिती बघितली होती, आवडली होती. मुलाच्या वडलांचा नंबर हवा होता. मी पत्रिका, गोत, नात्यातली माणसं विचारून घेतली आणि नंबर दिला. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि साइटवर शेती लिहिली असताना मी तो काढावा असं माझ्या मनात आलं नाही. शुक्रवारी भावाचा फोन आला की रविवारी बघायला येताहेत.

"आक्का, पाव्हना बोलना, सुरतनी नोकरी चांगली शे, पोरगी तठे जुळाई जाई."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हनसू? मी बोलनू, या."

मी फोनवर शोधून पाहिलं. बाहेर अजून नोकरी, सुरत. त्या गृहस्थांनी त्या दोन ओळींचा फोटो काढून सगळ्या नातलगांना पाठवला होता, हे नंतर कळलं.

"भाऊ, त्यांना खरं सांग."

"आक्का, रविवारपावत थांब. त्या मशीनले घाई नही, मंग तुलेच काबर?" आणि मग तो जरा आवाज खाली आणून म्हणाला, "पोरगं खोटं नही बोलनं, तू खोटं नही बोलनी. तुन्ही साइटवर तं खरंच लिखेल शे ना! जे बोलनं ते मशीन बोलनं. मशीननं पाप कोनले लागस?"

हा युक्तिवाद मी दिवसभर डोक्यात फिरवला. तो चांगला होता, हीच अडचण होती. माझ्याकडे बदलाची तारीख होती, विनंतीची पोच होती. मंडळाच्या सभेत मला कुणी दोष देऊ शकलं नसतं. आणि मुलाचा संसार उभा राहायची शक्यता होती. घरी आलेल्या माणसाने ओसरी बघितली, मुलगा बघितला, तर कदाचित नोकरी विसरेल. सतरा वर्षांत मी असं होताना पाहिलं आहे. उलटंही पाहिलं आहे. एका घरी पंचवीस माणसं पोह्यांच्या ताटल्या तशाच ठेवून उठली होती आणि त्या मुलाला वर्षभर कुणी बोलावलं नाही.

शनिवारी सकाळी मी यादी केली. एक, नवापूरला फोन. दोन, भावाला सांगणे. तीन, गॅसची टाकी. यादीत लिहिलं की ते मी करते, माझा स्वभावच तसा आहे.

नवापूरला फोन मुलीने उचलला. वडील बाजारात गेले होते. मी मंडळातून बोलते म्हणून सांगितलं आणि एका दमात म्हटलं, "बाहेर शोधल्यावर मुलाची नोकरी दिसते, ती जुनी माहिती आहे. तो आता गावी शेती करतो."

"हो मावशी. मला माहीत आहे."

"कसं?"

"पप्पांनी वरच्या दोन ओळी वाचल्या. मी त्या ओळींवर दाबून आत पानावर गेले. आत शेती लिहिलंय. मग तुमच्या साइटवर परत शोधून बघितलं, तिथेही शेतीच."

साइट झाल्यापासून मला भेटलेली ही पहिली व्यक्ती, जी आत गेली होती.

"मग वडलांना नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर उद्याचं रद्द झालं असतं." मग ती म्हणाली, "ज्याने नोकरीच्या जागी स्वतः शेती लिहून घेतली, त्याला मला बघायचं आहे. नाहीतर आजवर आलेल्या सगळ्या बायोडाट्यांमध्ये सगळेच मॅनेजर आहेत."

मला ती आवडली. पण यादीतलं पहिलं काम पुरं झालं नव्हतं, कारण ते वडलांना सांगायचं होतं. मी म्हटलं, "बाळा, तू सांग. संध्याकाळी सातपर्यंत. सातनंतर मी फोन करीन."

"तुम्ही फार कडक आहात मावशी."

"हो."

मग भावाला फोन केला. मी काय केलं ते सांगितलं.  तो एवढंच म्हणाला, "तू मन्ही आक्का नही. तू रजिस्टर शे, रजिस्टर," आणि फोन ठेवला. त्यानंतर गॅसची टाकी आली आणि मी यादीत तिसऱ्या कामावर खूण केली.

पावणेसातला नवापूरचा फोन आला. वडील होते.

"ताई, तुमच्या साइटवर एक लिहिलंय, बाहेर दुसरंच दिसतंय. हे काय आहे?"

मी मागच्या यादीचं सांगितलं, भाटाचं सांगितलं. ते स्वतः कार्यालयात फायली सांभाळणारे, त्यांना चटकन समजलं. "म्हणजे आदेश निघालाय, खालपर्यंत पोचला नाही."

"तेच."

"आणि आदेश शेतीचा आहे."

"हो."

 पलीकडे मागून मुलीचा आवाज आला, "जायचंय म्हटलं ना." मग दार आपटल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "येतो आम्ही उद्या. पण जेवण वगैरे नको, नुसता चहा."

नुसता चहा म्हणजे स्थळ जवळपास नाकारलं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. भावाने तरीही श्रीखंड आणून ठेवलं होतं.

रविवारी मी प्रकाशाला गेले. भावाने मला पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. पाहुणे आले, बसले, ओसरीकडे न बघता सरळ म्हणाले, "शेत दाखवा." आम्ही सगळे पपईच्या प्लॉटमध्ये उभे राहिलो. मुलगी चांगली चप्पल घालून आली होती, ती तिने बांधावर काढून ठेवली.

"नोकरी का सोडली?" वडलांनी विचारलं.

"काका, सुरतेत खोलीवर पाणी एक दिवसाआड यायचं," मुलगा म्हणाला. "इथे तापी आहे. आणि तिथे मी दुसऱ्यांना ओरडायचा पगार घ्यायचो."

"पपईवर रोग येतो म्हणतात."

"येतो. मागच्या वर्षी अर्धा प्लॉट काढून टाकावा लागला."

भावाने डोळे मिटून घेतले.

"हे पण साइटवर लिहिलंय का?" पाहुण्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"त्याला रकाना नाही," मी म्हटलं.

मुलगी हसली. मुलगाही हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी एक पपई हातात तोलून पाहिली, मुलाला ड्रिपचं काय काय विचारलं, चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेले. श्रीखंड भावाच्या घरीच संपलं.

तीन आठवडे काही कळलं नाही. भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. दरवर्षी यायची ती पपईची पेटी आली नाही. या काळात शोधयंत्राचे भाट महाराज एकदाचे येऊन गेले, आणि बाहेर शोधलं की सगळ्या जगाला 'शेती, प्रकाशा' दिसू लागलं. मी वहीत तारीख टाकली. बदल केल्यापासून एक महिना आणि दोन दिवस.

मग एका बुधवारी बरोबर अकराला भाऊ खोलीत शिरला. घाम पुसत, न बसताच बोलायला लागला.

"आक्का, नवापूरवाला हो बोलना! पुढला महिनामा साखरपुडा. आते त्यानं नाव काढ बरं साइटवरथून, आतेना आते!"

मला आनंद झाला, तो मी दाखवला नाही. "एवढी घाई?"

"घाई म्हंजे? शेती दिसाले लागनी तशी तीन जनना फोन उनात! एक तं नोकरीवाली पोर शे. म्हनतस, खरं लिखनारा मानूस भेटना पाहिजे. आनी नवापूरवाला रोज शोधी दखतस. बोलनात, तुम्हना पोरगा अजून यादीमा काबर शे? दुसरी पोरगी दखी ऱ्हायनात का?"

मी नोंद उघडली, 'ठरले' या खुणेवर बोट ठेवलं आणि थांबले. "मी काढीन. आपल्या साइटवर उद्या सकाळी जाईल. बाहेर कधी जाईल सांगता येत नाही."

"आसं कसं? त्यास्ले फोन लाव ना!"

"रविवारपावत थांब भाऊ," मी म्हटलं. "त्या मशीनले घाई नही, मंग तुलेच काबर?"

 तो मांडवाच्या खांबांच्या ढिगाऱ्यावर बसला आणि हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. साइट आली तरी मी ते चालू ठेवलं होतं, मंडळाला न विचारता. त्याच्या मुलाचं पान उघडलं. त्या पानावर नोकरीवर एक आडवी रेघ होती आणि वर शेती लिहिलेलं होतं, त्याच बुधवारच्या तारखेसह. हळदीकुंकवाचा करंडा पुढे घेतला.

"पेढा कोठे शेतस?"

त्याचे दोन्ही हात रिकामे होते. घाईत विसरला होता.

मी करंड्याचं झाकण लावलं आणि घड्याळाकडे बघितलं. एक वाजेपर्यंत खोली उघडी होती, आणि मिठाईचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तो गेला.